मिशा न तुटलेली कोळंबी

२८ वर्षं मी मिशांसाठी कोळंबी विकत घेतली.

चेंदणी कोळीवाड्यातली मावशी भाऊच्या धक्क्यावरून माल आणायची आणि सात वाजेपर्यंत वाटे लावून बसलेली असायची. बाकीची गिऱ्हाइकं अंग चाचपून बघत, डोकं लुळं पडलंय का बघत, भाव करत. मी उकिडवा बसून एकेक कोळंबी कमरेशी धरून उजेडासमोर उचलायचो. मिशा दोन्ही हव्यात, मुळापासून टोकापर्यंत. कपाळावरचा करवतीसारखा काटा अखंड हवा. पाय मोजून दहा. पोटाखालची वल्ही शाबूत, शेपटीचा पंखा न फाटलेला. बर्फात दाबून आलेल्या मालात असा नग शोधायचा म्हणजे अख्खी पाटी उलथीपालथी करायची. पहिल्या वर्षी मावशी म्हणाली, "मिशा खातोस का रं तू?" मी म्हटलं, कॉलेजात लागतात, पोरं त्याच्यावर शिकतात. ती थोडा वेळ गप्प बसली. पुढच्या आठवड्यापासून तिने माझ्यासाठी नग वेगळे काढून ओल्या फडक्यात ठेवायला सुरुवात केली. त्या फडक्यातल्या कोळंबीचा भाव तिने कधी वाढवून लावला नाही.

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या प्राणीशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा परिचर होतो. मुलं मामा म्हणायची. मेणाचे ट्रे धुणं, टाचण्या मोजून देणं आणि मोजून परत घेणं, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांना बुरशी लागू न देणं, फॉर्मॅलिनच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिणं, ही माझी कामं. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. पण एकच धडा वर्षाला चार तुकड्यांना शिकवला जात असेल आणि तुम्ही प्रत्येक वेळी त्याच खोलीत उभे असाल, तर तो तुमच्या अंगात मुरतो. नंतर नंतर मॅडम बोर्डाकडे तोंड करून नावं लिहीत असायच्या आणि मुलं हळूच माझ्याकडे वळून विचारायची, "मामा, ही पाचवी की सहावी?"

कोळंबीला अवयवांच्या १९ जोड्या असतात. त्या सगळ्या सुट्या करून क्रमाने काळ्या कागदावर मांडायच्या, हा प्रॅक्टिकलचा पहिला भाग. सुटं करायची सुरुवात मागून करायची, कारण तोंडापाशी अवयव एकावर एक झाकलेले असतात. पुढून सुरू करणारा हमखास दोन जोड्या हरवून बसतो. चिमटा अगदी मुळाशी लावायचा आणि ओढायचं नाही, किंचित फिरवायचं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, मी ते मुलांना हातात हात धरून दाखवत असे.

मांडणी मात्र पुढून. पहिली जोडी लघुशृंगिका, म्हणजे लांब मिशांच्या आतल्या बाजूच्या आखूड मिशा. त्यांनी हा प्राणी वास घेतो. दुसरी शृंगिका, मावशीच्या भाषेतल्या खऱ्या मिशा. त्या स्पर्शासाठी; अंधारात, गढूळ पाण्यात त्यांनीच रस्ता चाचपायचा. त्यांच्याच बुडाशी उत्सर्जनाच्या ग्रंथी असतात, म्हणजे लघवी डोळ्यांच्या पुढून बाहेर पडते. हे ऐकून मुली नाकं मुरडायच्या. मग मॅडम सांगायच्या की क्रेफिश, म्हणजे कोळंबीच्याच जातकुळीतला गोड्या पाण्यातला जाड नांग्यांचा प्राणी, भांडताना नेमकी ही लघवी समोरच्याच्या तोंडावर सोडतो आणि दुसऱ्याला तिच्या वासावरून आपला प्रतिस्पर्धी किती जोरात आहे ते कळतं. तिसरी जोडी जंभ, चावायची. चौथी आणि पाचवी जंभिका. मग तीन जोड्या जंभपादांच्या, अर्धे पाय अर्धे जबडे, घास धरायला आणि तोंडाशी पोचवायला. नऊ ते तेरा हे चालायचे पाय. चौदा ते अठरा प्लवपाद, पोटाखालची वल्ही. एकोणिसावी जोडी शेपटीच्या पंख्याची.

या सगळ्यांत माझा जीव पाचव्या जोडीवर होता. दिसायला ती एक चुरगळलेली पातळ पाकळी. मुलांच्या हातून सगळ्यात जास्त फाटायची तीच. पण प्राणी जिवंत असताना ही पाकळी सतत हलत असते. कवचाच्या दोन्ही बाजूंना, आतल्या पोकळीत कल्ले लपलेले असतात. पाकळी तिथलं पाणी पुढे उपसून तोंडापाशी बाहेर फेकते, म्हणजे पायांच्या मुळाशी ताजं पाणी आपोआप आत येतं. ती थांबली की श्वास थांबला. मिशा, नांगे, पंखा यांच्याकडे सगळे बघतात. जीव ज्या पाकळीवर टिकून आहे ती बाहेरून दिसतसुद्धा नाही.

मॅडम फळ्यावर कधी कधी फक्त एक प्लवपाद काढायच्या. एक देठ आणि त्याला फुटलेली दोन पानं. मग म्हणायच्या, "अवयव एकोणीस पाठ करू नका. एकच अवयव एकोणीस वेळा बघा." देठ तोच, दोन फांद्या त्याच. पाय झाला तिथे बाहेरची फांदी गेली. जबडा झाला तिथे देठच जाड आणि दातेरी झाला, फांदी नावाला उरली. शेपटीत दोन्ही फांद्या रुंद होऊन पंखा झाला. इंग्रज प्राणीशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८८० साली एकट्या क्रेफिशवर पुस्तक लिहिलं, ते याचसाठी: एक प्राणी नीट पाहिला तर प्राणीशास्त्रात शिरता येतं. तेव्हापासून परदेशी पाठ्यपुस्तकांत क्रेफिश ठाण मांडून बसला.

आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावरही तोच होता. जाड नांग्यांचा, लालसर, पाठीवर मानेसारखी आडवी खाच असलेला. आणि मेणाच्या ट्रेमध्ये कोळंबी. क्रेफिश भारतातल्या नद्यांत मुळातच नाही. तो अमेरिकेतला, युरोपातला, ऑस्ट्रेलियातला, मादागास्करमधला. आशियात असला तर पार पूर्वेला, जपान-कोरियाच्या बाजूला. त्यामुळे मुलं तक्त्यावर एक बघायची आणि हातात दुसरंच धरायची. त्यातून गोंधळ व्हायचा. आपल्या पुस्तकांतली कोळंबी गोड्या पाण्यातली, तिच्या पहिल्या दोनच पायांना चिमटे. मी बाजारातून आणायचो ती बहुतेक वेळा समुद्रातली, तिच्या तीन पायांना चिमटे. तक्त्यावरच्या क्रेफिशलाही तीनच, पण त्यातला पहिला एवढा थोराड की तो नांगा म्हणूनच ओळखला जातो. हुशार मुलगी मोजून विचारायची, "मामा, पुस्तकात दोन, इथे तीन, खरं काय?" मी म्हणायचो, तुझ्या हातात आहे ते खरं. ते लिही आणि प्राणी कुठला ते वर लिही.

घरी याची दुसरी बाजू. बायको कोळंबी साफ करताना पाठ चिरून काळा दोरा काढते. एकदा तिने विचारलं, ही शीर का? मी सांगितलं, ते आतडं. आपल्या पाठीत जसा मज्जारज्जू असतो तसा हिचा पोटाकडे असतो, पायांच्या मधून, शेपटीपर्यंत, गाठी गाठी असलेल्या पांढऱ्या दोऱ्यासारखा. आणि हृदय पाठीकडे, कवचाखाली. म्हणजे आपल्याला उताणं झोपवलं तर जी मांडणी होईल ती. तिने हातातली कोळंबी उलटी करून पाहिली आणि खरोखरच तो दोरा शोधून काढला. सिग्मंड फ्रॉइडने मनाच्या वाटेला जाण्याआधी, १८८२ साली, व्हिएन्नात क्रेफिशच्या याच दोऱ्यातल्या मज्जापेशींवर निबंध लिहिला होता. क्रेफिशला शेपटीकडून धक्का लागला की तो विचार करत बसत नाही. त्या दोऱ्यातून जाणारे अतिजाड तंतू सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात निरोप पोचवतात, शेपूट पोटाखाली फटकन दुमडते आणि प्राणी निसटतो. १९५९ मध्ये फर्शपॅन आणि पॉटर या शास्त्रज्ञांनी याच तंतूंच्या सांध्यावर दाखवलं की एका मज्जापेशीतून दुसरीत वीज थेटही जाऊ शकते, मधल्या रसायनाशिवाय. कोळंबीच्या शेपटीचं जे मांस आपण आवडीने खातो, ते सगळं या एका फटक्यासाठी भरलेलं असतं.

प्रॅक्टिकलचा अवघड भाग होता स्टॅटोसिस्ट. लघुशृंगिकेच्या बुडाच्या सांध्यात एक पिशवी असते, मोहरीहून लहान. तिला बाहेर उघडणारं छिद्र. आत बारीक केस, आणि केसांवर वाळूचे कण. प्राणी कलला की कण एका बाजूच्या केसांवर रेलतात, त्यावरून त्याला वर-खाली कळतं. हे कण त्याच्या शरीरात तयार होत नाहीत. तो ते तळातून घेतो. आणि पिशवीचं अस्तर कवचाचाच भाग असल्यामुळे कात टाकताना तेही जातं, वाळूसकट. दर कातेनंतर त्याला नवी वाळू भरावी लागते.

ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ आलोइस क्राइडल याने १८९३ साली याचा फायदा घेतला. नुकती कात टाकलेल्या कोळंबीला त्याने वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. तिने तो पिशवीत भरून घेतला. मग त्याने वर लोहचुंबक धरलं. आतला कीस वर ओढला गेला, आणि कोळंबीला वाटलं खाली म्हणजे तिकडे. ती उलटी झाली. ही गोष्ट मॅडम सांगत तेव्हा वर्गात हशा पिकायचा, मीही पहिल्यांदा हसलो होतो. नंतर मला त्या कोळंबीचं वाईट वाटायला लागलं. ती चुकली नव्हती. तिला जे मिळालं ते तिने विश्वासाने कानात, म्हणजे त्या तोलाच्या पिशवीत, घातलं होतं.

२०११ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन कमी करायला सांगितलं, २०१४ नंतर ते जवळपास थांबलंच. आमच्याकडे त्याच सुमाराला बंद झालं. तक्ते, प्रतिकृती आणि संगणकावरची चित्रं आली. निर्णय बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं. ट्रे धुताना नाल्यात जाणारं पाणी मीच बघत होतो. पण कोळीवाड्यात जाऊन मावशीला "आता नको" सांगायचं माझ्याच्याने महिनाभर झालं नाही. दोन वेळा फडक्यातली कोळंबी घेऊन मी घरीच आलो आणि मिशांसकट कालवण केलं.

मग मी निवृत्त झालो. विभागाने निरोपाला मला पितळी कड्याचं दहापट भिंग दिलं.

या वर्षी श्रावणात एका सकाळी ऐरोलीहून नातीचा फोन आला. रडत होती. "आजोबा, आपला लाल्या मेला. आणि टाकीत दुसराच कुणीतरी येऊन बसलाय!"

लाल्या म्हणजे क्रेफिश. तिच्या वाढदिवसाला जावयांनी मत्स्यालयाच्या दुकानातून आणला होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलींतला लाल जातीचा. मी तो तोवर पाहिला नव्हता. गुडघ्यामुळे माझं जाणं लांबत होतं. नातीचं वाक्य ऐकलं आणि मला काय झालंय ते लख्ख कळलं. मी म्हटलं, टाकीत हात घालू नका. दिवा बंद करा. मी येतोय.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी सुटली की विटाव्याच्या बाजूला खाडी दिसते. ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता. या चिखलात, तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्यासुद्धा अशाच कात टाकतात, लपून. मावशी सांगायची, अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ. चंद्राचं मी सांगू शकत नाही, पण पोकळ चिंबोरी म्हणजे काय ते सांगू शकतो. नुकती कात टाकलेला प्राणी आधी पाणी पिऊन फुगतो, कवच मोठ्या मापाचं घट्ट करून घेतो, आणि आतलं मांस मागाहून सावकाश भरतं. त्या मधल्या दिवसांत सापडलेली चिंबोरी आकाराने मोठी आणि हाताला हलकी लागते. दिघा गाव गेलं, ऐरोली आलं.

जावई दारातच म्हणाले, "बाबा, दोन झालेत. एक तलावपाळीला सोडून देऊ का?" मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. त्यांना म्हटलं, दोन नाहीत, एकच आहे. आणि असते तरी एकही सोडायचा नाही. माझा आवाज चढला असावा, कारण लेक स्वयंपाकघरातून बाहेर आली. हा प्राणी १९७० मध्ये केनियाच्या नैवाशा तलावात सोडला, १९७३ मध्ये स्पेनमध्ये. तिथून तो पसरला. बांध पोखरतो, पाणवनस्पती फस्त करतो, युरोपात त्याने आणलेल्या रोगाने तिथले मूळचे क्रेफिश मरतात. आपल्या मासुंदा, उपवन या तळ्यांत, खाडीच्या गोड्या ओहोळांत याची जागा नाही. दयेपोटी सोडणारे लोक पुष्कळ असतात, म्हणून हे इथे मुद्दाम लिहितो आहे. पाळलात तर शेवटपर्यंत सांभाळा, टाकीवर झाकण ठेवा, आणि सोडू नका.

टाकीच्या मध्यभागी एक अख्खा लाल क्रेफिश कुशीवर पडला होता. डोळे, मिशा, नांगे, पंखा, सगळं जागच्या जागी. फक्त पाठीचं कवच आणि पोटाचा भाग यांच्यामध्ये आडवी फट. आणि कोपऱ्यातल्या कुंडीच्या खापराखाली फिकट, मऊ, थोडा मोठा असा तोच प्राणी, मिशा खाली पाडून निपचित.

मी नातीला सांगितलं की हा त्या फटीतून बाहेर आला. आधी पाठ, मग डोकं, डोळ्यांच्या देठांसकट, मग प्रत्येक पाय, प्रत्येक मिशी मोज्यातून काढावी तशी ओढून. सगळ्यात कठीण नांगे. पुढचा भाग थोराड आणि मनगटापाशी सांधा अरुंद. शेवंडा-खेकड्यांमध्ये कात टाकायच्या आधी नांग्यातलं मांस आटतं, तेव्हा कुठे ते त्या अरुंद जागेतून निघतं. तिने विचारलं, "दुखलं असेल?" मी म्हटलं, मला सांगता येणार नाही, पण थकला आहे हे दिसतंय.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली, जी कोळंबीच्या ट्रेमध्ये मला कधीच दाखवता आली नसती. कात टाकायचे दिवस जवळ आले की क्रेफिश कवचातला थोडा चुना काढून घेतो आणि पोटाच्या भिंतीत दोन पांढऱ्या गोट्या करून ठेवतो, शर्टाच्या बटणासारख्या. कात टाकली की त्या गोट्या पोटात विरघळतात आणि तो चुना पुन्हा अंगात जातो; नवं कवच घट्ट व्हायला तिथून सुरुवात होते. युरोपात एके काळी या गोट्यांना खेकड्याचे डोळे म्हणत आणि आंबट ढेकरांवर औषध म्हणून देत. समुद्रातल्या प्राण्याला चुन्याची ददात नसते. गोड्या पाण्यातल्याला शिदोरी बांधावी लागते.

दुपारी आम्ही कात बाहेर काढली. नातीची जुनी पाटी होती, तिच्यावर पाण्याचा थर दिला आणि मी कामाला बसलो. चिमटा लेकीच्या शिवणाच्या डब्यातला. हात थरथरतील अशी भीती होती, पण मुळाशी धरून किंचित फिरवलं आणि पहिला पुच्छपाद, शेपटीच्या पंख्यातला, सुटला. मग सुटतच गेले. माशाचा वास नाही, रक्त नाही, फॉर्मॅलिन नाही. रिकामे, अर्धपारदर्शक, नखासारखे. पाचव्या जोडीची पाकळीसुद्धा अखंड निघाली. मी पाटीवर १९ जोड्या मांडल्या आणि नात एकेकावर बोट न लावता बोट दाखवत नावं म्हणत गेली. प्लवपादांतली पहिली दोन जोडी टणक आणि पन्हाळीसारखी होती, पुढे वळलेली. त्यावरून लाल्या हा लाल्याच आहे, लाली नाही, हे ठरलं. मादी असती तर याच वल्ह्यांना तिने अंडी चिकटवली असती आणि पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस तिथेच लटकली असती.

डावा नांगा उजव्यापेक्षा लहान होता. कधीतरी तुटला असणार. पकडला गेला तर हा प्राणी नांगा मुळाशी ठरलेल्या जागी स्वतःच तोडतो, रक्त लगेच थांबतं, आणि पुढच्या कातांमध्ये नवा उगवतो, आधी छोटा. मी तो रिकामा नांगा उचलला आणि आतून पातळ पांढरं पान बाहेर आलं. चिंबोरीचा नांगा फोडून खाणाऱ्या प्रत्येकाने हे पान बघितलं आहे. दाताखाली येतं म्हणून आपण ते काढून टाकतो. ते म्हणजे स्नायूचा कासरा. मांस या पानाला धरलेलं असतं आणि पान चिमट्याच्या हलत्या बोटाला. नातीने पान हळूच ओढलं. नांगा मिटला. तिने हात मागे घेतला आणि मग हसून दहा वेळा तेच केलं.

पोटाचं अस्तरही निघालं, तीन दातांसकट. एक मधला, दोन बाजूंचे. क्रेफिश तोंडात कमी आणि पोटात जास्त चावतो. या चक्कीचा ताल धरणाऱ्या मज्जापेशी, खेकड्या-शेवंडांमध्ये मोजल्या आहेत त्याप्रमाणे, जेमतेम तीसेक असतात. ते दात मी भिंगातून बघत राहिलो. आमच्या पुस्तकातल्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीत ही चक्की नव्हती. भिंतीवरच्या तक्त्यात होती, आणि मी २८ वर्षं त्या तक्त्यावरची धूळ झटकली होती.

डोळ्याची टोपी नातीने तिच्या मोबाईलला लावायच्या साठपट भिंगाखाली धरली. मला वाटलं होतं माशीच्या डोळ्यासारखे षटकोन दिसतील. दिसले चौकोन. वहीच्या पानासारखे, रांगेत, कडेपर्यंत. मग मला मॅडमचं बोलणं आठवलं. क्लाउस फोग्ट या शास्त्रज्ञाने १९७५ साली दाखवलं की क्रेफिशचा डोळा भिंगांनी नव्हे, आरशांनी बघतो. प्रत्येक चौकोनी नळीच्या भिंती आरशाचं काम करतात आणि अंधूक उजेड एका जागी गोळा करतात. त्याच तऱ्हेच्या चौकोनी नळ्यांची दुर्बीण जानेवारी २०२४ मध्ये आइनस्टाइन प्रोब नावाच्या उपग्रहावर आकाशात गेली, क्ष-किरण टिपायला. नात म्हणाली, "म्हणजे लाल्याचे डोळे वर आहेत?" जवळजवळ, म्हटलं.

शेवटी मी लघुशृंगिका घेतली. बुडाचा सांधा सुईने उघडला. हात पूर्वीसारखाच आपोआप चालला. पिशवी उघडी पडली आणि भिंगाखाली कण दिसले. सात-आठ, काचेसारखे, एक तांबूस.

मी टाकीकडे बघितलं. टाकीच्या तळाला दुकानदाराने दिलेल्या रंगीत काचेच्या गोट्या होत्या. वाळूचा एक कण नव्हता. म्हणजे ही वाळू आमच्या घरातली नाही. लाल्याने ती याआधीच्या कातेला घेतलेली, जिथे तो त्या वेळी होता तिथली. कुठल्या टाकीची, कुठल्या तळ्याची, ते कळायला मार्ग नाही. दुकानातून ऐरोलीपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत हिंदकळत येताना त्याला वर कुठे आणि खाली कुठे ते या आठ कणांनी सांगितलं होतं. आणि आज पहाटे ते त्याच्या अंगावरून उतरले होते. खापराखाली तो बसला होता तो रिकाम्या पिशव्यांनिशी.

समोरच्या इमारतीचं काम चालू आहे. तिथल्या वॉचमनकडून मी ओंजळभर वाळू मागून आणली. चहाच्या गाळणीतून चाळली, बारीक तेवढी घेतली, आणि पाणी नितळ येईपर्यंत धूत राहिलो. लेक म्हणाली, बाबा, किती धुताय. रात्रभर भिजवून सकाळी पुन्हा धुतली. मग नातीने चमच्याने ती खापराच्या तोंडाशी पसरली, अगदी हळू, गढूळ होऊ न देता.

पाटीवरच्या १९ जोड्या तिला फ्रेम करून भिंतीला लावायच्या होत्या. मलाही. असा पूर्ण संच मी नोकरीत कधी मांडला नव्हता. पण क्रेफिश आपली कात खातो, चुना परत मिळवायला, आणि याचं कवच अजून मऊ होतं. मी तिला एवढंच सांगितलं आणि पाटी तिच्या हातात दिली. तिने फोटो काढला. मग एकेक पाय, एकेक वल्हं उचलून टाकीत सोडलं. दात सोडले, डोळ्यांच्या टोप्या सोडल्या. कण तेवढे तिने कागदाच्या पुडीत ठेवले, अंगाऱ्याच्या पुडीसारखी घडी घालून.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. नांगे अर्धे खाल्लेत. मिशा संपल्या. तो खापराबाहेर आला आहे आणि वाळूवर उभा आहे, पुढून दुसऱ्या पायांचे छोटे चिमटे वाळूत घालतोय आणि तोंडाकडे नेतोय. "आजोबा, तो वाळू खातोय की कानात घालतोय?"

मी म्हटलं, पुढच्या कातेला बघू. भिंग तुझ्याकडेच ठेव.